तू सुनंदा होतीस ते चार महिने

हौसावयनी,

तुझ्या दहाव्याला नदीच्या घाटावर माईक लागला होता. पहिल्या पुढाऱ्यानं तुला कष्टाळू म्हटलं, दुसऱ्यानं प्रेमळ. तिसरा दोन दहावे उरकून आलेला, त्यानं पाच मिनिटं कुणा शांताबाईंना श्रद्धांजली वाहिली. मागून कुणीतरी सदरा ओढला तेव्हा जराही न अडखळता म्हणाला, "तर अशा शांत स्वभावाच्या हौसाबाई." तू आणि शांत. मला हसू आलं. ते दाबायला पदर तोंडात कोंबला, तर शेजारणीला वाटलं मला रडू आवरत नाहीये. तिनं पाठीवरून हात फिरवला, आणि मग खरंच रडू आलं.

बायांच्या हातात तिथं माईक देत नाहीत. दिला असता तर मी काय बोलले असते, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून लिहायला बसले. मी बाळंतीण असताना तू माझं काम खाल्लंस, असं मी दहा वर्षं गावभर सांगत फिरले. आता मला शंका यायला लागलीय की तसं नव्हतं. आणि ज्या बाईला विचारायचं ती घाटावर राख होऊन गेली.

माझ्या गोष्टी तुला कधीच आवडल्या नाहीत. सोहम झाला आणि पौडच्या दवाखान्यातून मी घरी आले, तेव्हा दारात सगळी वस्ती जमलेली. मी खाटेवर बसून सांगत होते, पोरानं असा टाहो फोडला की धरणाचे दरवाजे उघडले समजून खालच्या अंगाच्या लोकांनी गोठ्यातली गुरं सोडली. पोर चार किलोचं, उचलताना नर्सबाईच्या मनगटात कळ आली. बाया माना डोलवत होत्या. तू कोपऱ्यात माझी चोळी पिळत बसलेली. वर न बघता म्हणालीस, "दोन किलो शंभर. काट्यापाशी मी हुते."

सगळ्या हसल्या. मला तुझा असा संताप आला की त्यावर चूल पेटली असती. दोन किलो शंभर हे मला ठाऊक नव्हतं का? दवाखान्यात मी तो आकडा पन्नास वेळा मनात म्हणून बघितला होता, कुठल्या बाजूनं म्हटला तर जरा मोठा वाटतो ते. तो मोठ्यानं ऐकायची तेवढी तयारी नव्हती.

आणि तरी माझ्या कामावरचं कार्ड मी तुझ्याच हातात दिलं. दुसऱ्या कुणाला देणार?

लवळ्याच्या मुलींच्या हॉस्टेलात तिसरा मजला माझा होता. झाडू, फडकं, चार न्हाणीघरं. ठेकेदाराच्या माणसाकडं बाळंतपणाची रजा मागितली तर तो म्हणायचा, "घे की विश्रांती, कायमचीच घे." म्हणून मी सांगितलंच नाही. तो निळा ढगळ कोट बरा होता. पोट दिसायला लागलं तेव्हा मी म्हणाले, डाळ बाधली. आठ महिने बाधलेली डाळ जगात फक्त माझ्याच पोटात सापडेल. मुली बिचाऱ्या ओवा आणून द्यायच्या.

वस्तीतल्या सगळ्याच बायांची तेव्हा ती रीत होती. लग्न असो, दुखणं असो, बाळंतपण असो, आपलं कार्ड दुसरीच्या गळ्यात घालायचं. कार्डावरचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यात माणूस आहे की मडकं ते कळू नये. बाई स्कार्फ गुंडाळून आत जायची, कार्डावरच्या नावाला ओ द्यायची आणि तेवढ्या दिवसांचा पगार स्वतः ठेवायची. पगार तेव्हा हातात मिळायचा. बाळंतिणीचा सव्वा महिना झाला की बदलीच्या बाईनं आपल्या पायानं येऊन कार्ड परत द्यायचं. मागायची वेळ आणायची नाही. कागदावर हे कुठंच नव्हतं, पण ते मोडणारी बाई आमच्यात तोपर्यंत झाली नव्हती.

तुझ्याकडं स्वतःचं कार्ड कधी नव्हतंच. तू कायम कुणाची तरी बदली. त्या वर्षी माझ्या कार्डावरची सुनंदा झालीस.

ते दिवस मी कसे काढले ते तुला ठाऊक आहे आणि नाही पण. सोहमचा बाप धरणाकडच्या रिसॉर्टच्या गाडीवर ड्रायव्हर, मंगळवारी घरी यायचा. बाकीचे सहा दिवस मी, पोर आणि छपराचा वासा. पोर रडलं की वाटायचं दूध पुरत नाही. झोपलं की वाटायचं ताकद नाही म्हणून झोपतंय. शी केली तर का केली, नाही केली तर का नाही. अंगणवाडीच्या बाई काटा घेऊन आल्या की मी उंबरा अडवून उभी राहायचे. मी दारातूनच सांगायचे, "आत्ताच झोपलाय, राक्षसासारखा पितोय." आणि त्या गेल्या की त्याच्या मांडीला चिमटीत धरून बघायचे, काल एवढी होती, आज केवढी. अंगावरून जाणं थांबत नव्हतं ते कुणाला सांगितलं नाही. आई नव्हती, सासू नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू तेही खरं तेवढंच मोठ्यानं बोलली असतीस.

ह्या सगळ्यावर एकच आधार होता, की सव्वा महिना झाला की कार्ड येईल. काम असलं की पैसा, पैसा असला की अंडं, अंडं असलं की दूध. एवढा सरळ हिशेब होता माझा.

सव्वा महिना झाला. तू आली नाहीस. संध्याकाळी मात्र यायचीस. बोलायची नाहीस, कोपऱ्यातली बाळुती गोळा करून झऱ्यावर न्यायचीस, धुऊन दोरीवर टाकून जायचीस. आधी वाटलं उद्या देईल. मग वाटलं विसरली असेल. विसरणारी बाई रोज संध्याकाळी बाळुती कशी आठवते?

बारा दिवस वाट बघितली आणि सोहमला झोळीत बांधून मीच गेटवर गेले. नवा वॉचमन होता.

"कोण पायजे?"

"कुणी न्हाई. मी हितं कामाला हाय. सुनंदा. तिसरा मजला."

त्यानं वही उघडली. "सुनंदा सकाळीच आत गेली."

"ती मीच."

"मग आत कोण हाय?"

खरं सांगितलं असतं तर तुझं, माझं आणि वस्तीतल्या दहा बायांचं काम त्या एका वाक्यात गेलं असतं. म्हणाले, "आत माझी जुळी बहीण हाय."

"नाव पण तेच?"

"बापाला दुसरं सुचलं न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. झोळीकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशे, सावलीला बस."

जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर आलीस. निळा कोट, गळ्यात माझं नाव. तुला तो कोट माझ्यापेक्षा बरा बसत होता, हेही मला खुपलं.

"कशाला आलीस?"

"कार्ड दे, वयनी. सव्वा म्हैना होऊन बारा दिवस झालं."

"म्हाईत हाय मला."

"मग दे की."

तू मला खालपासून वरपर्यंत बघितलंस. वॉचमनच्या खोलीपाशी नळाखाली बादली भरलेली होती. तू झोळीतून सोहमला उचलून घेतलंस आणि हनुवटीनं बादली दाखवलीस. "ती घेऊन ह्या पायऱ्या चढ. चढलीस तर कार्ड तुजं."

सहा पायऱ्या. मी रोज तीन मजले चढणारी बाई. बादली उचलली, दोन पायऱ्या चढले, आणि मांडीवरून गरम ओघळ खाली आला. बादली टेकवली. चपलेपर्यंत आलं होतं. तू बघितलंस. वॉचमननं मान फिरवली.

"घरी जा," तू म्हणालीस.

"बाळंतिणीच्या तोंडचा घास काढलास तू."

"काढला. जा आता."

पोर माझ्या झोळीत ठेवून तू आत गेलीस. माझ्या नावानं.

आता ह्यातलं मी गावात काय सांगितलं असेल? रक्ताचं गाळलं. बादलीचं ठेवलं, पण माझ्या गोष्टीत ती तू माझ्या डोक्यावर ओतलीस. ओली बाळंतीण, कडेला तान्हं पोर, आणि वर गार पाण्याची बादली. ऐकणाऱ्या बायांच्या अंगावर काटा यायचा. वॉचमन माझ्या गोष्टीत ढसाढसा रडला.

पण एक सांग. दोन महिने झाले तेव्हा माझं अंगावरून जाणं थांबलं होतं. मी डोंगरातून लाकडाची मोळी आणत होते, तू वाटेत भेटलीस, मोळी बघितलीस. तरी कार्ड दिलं नाहीस. का? तिसऱ्या महिन्यात तुझ्या घरावर नवे पत्रे चढले. निळे, कोरे, उन्हात डोळे दिपवणारे. पाऊस त्या पत्र्यांवर वाजला की मला माझा पगार वाजल्यासारखा वाटायचा. माझ्या गोष्टीत त्या पत्र्यांवर आधी गच्ची आली, मग गच्चीवर पाण्याची टाकी. लोक तुझं घर रोज बघत होते, तरी माझं ऐकत होते.

चौथा महिना सरला आणि एका सकाळी कार्ड आमच्या कडीला लटकलेलं. तू आत आली नाहीस.

त्यानंतर कुठल्याच बाईनं तुला बदली ठेवलं नाही. "हौसा कार्ड देत न्हाई" हे एवढं पक्कं झालं की माझ्या गोष्टी संपल्या तरी ते राहिलं. तू भातलावणीला जायला लागलीस, कासार आंबोलीच्या बंगल्यांवर गवत काढायला जायला लागलीस. दिवसभर ओणवी. मला वाटायचं, बरं झालं. हे मी खरं तेवढंच लिहितेय.

आपलं बोलणं पुढं झालंच. एका झऱ्याचं पाणी पिणाऱ्या बाया किती वर्षं अबोला धरणार? पण त्या चार महिन्यांवर तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. एकदा हळदीकुंकवाला मी टोमणा मारला, "वयनीच्या घराला पत्रे लई टिकलं." तू म्हणालीस, "चांगल्या कंपनीचं हायेत." एवढंच.

मग ह्या वर्षी तुला दम लागायला लागला. तुझ्या लेकीचे, सारिकाचे दिवस भरत आलेले, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून तुला दवाखान्यात मी घेऊन गेले. पडद्याआड तपासायला घेतलं. डॉक्टर कोवळी पोरगी होती. तिचा आवाज एकदम बदलला.

"मावशी, अंग बाहेर आलंय, गर्भाशय खाली उतरलंय. कधीपासून आहे हे?"

"सारिकाच्या वक्तापासनं."

"सारिका किती वर्षांची?"

"बावीस."

"बावीस वर्षं तुम्ही कुणाला दाखवलं नाही?"

"नवव्या दिवशी मातीच्या पाट्या टाकाय गेलते," तू म्हणालीस, जणू तिनं तेच विचारलं होतं. "तवाच आलं. मग फडकं बांधायचं."

मी पडद्याच्या अलीकडं तुझी पिशवी धरून उभी होते. माझ्या हिशेबात एकदम सगळं उलटंपालटं झालं. ते फडकं बांधून तू चार महिने माझा मजला पुसलास. भरल्या बादल्या नेल्यास. आणि मी तुला ओणवी बघून बरं झालं म्हणत होते.

रिक्षात आपण दोघीच होतो. तुझी पिशवी माझ्या मांडीवर होती. मग विचारलं, "वयनी, त्येच्यामुळं कार्ड दिलं न्हाईस का मला?"

तू बाहेर बघत होतीस. कॉलेजच्या पोरी घोळक्यानं रस्ता ओलांडत होत्या.

"पत्रे पायजे हुते," म्हणालीस.

एवढंच. आपला फाटा आला, रिक्षा आत वळली. मग तू विचारलंस, "सोहमचं वजन किती आता?"

"पस्तीस."

"अठ्ठावीस असंल."

अठ्ठावीसच आहे. पण वयनी, हे काय उत्तर झालं? खरं तेवढंच बोलणारी बाई तू, म्हणजे पत्र्यांचं खरं मानायला हवं. मग बादली कशाला चढायला लावलीस? बाळुती कशाला धुतलीस? का आयुष्यात एकदाच, त्या रिक्षात, तू खोटं बोललीस, मला ओझं नको म्हणून? की दोन्ही खरं होतं, सुरुवातीला माझा जीव आणि नंतर तुझे पत्रे, आणि मधे कुठं एक संपलं नि दुसरं सुरू झालं ते तुझं तुलाही कळलं नाही? मी रोज वेगळ्या निकालावर येते. सकाळी तू देवमाणूस असतेस, भाकरी थापेपर्यंत चोर, जेवताना परत देवमाणूस.

तू गेल्यावर मी बचत गटात उभी राहिले आणि सांगितलं, हौसावयनीनं माझं काम खाल्लं नव्हतं, मी रक्ताचं लपवलं होतं, बादली तिनं ओतली नव्हती. सगळं सांगितलं, एक अक्षर न वाढवता. बाया ऐकत होत्या. शेवटी म्हातारी ठकूआत्या म्हणाली, "सुनंदे, गोष्ट चांगली हाय. पण मेलेल्या माणसावर तरी रचू नको." बाकीच्यांनी मान डोलावली. ती बादली आता मला कुणाच्या डोक्यावरून परत घेता येत नाही. ह्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. येत असतं तर रिक्षात मागितली असती.

आता सारिकाचं सांगते, कारण तिचं तुला जास्त पडलं असणार.

तू गेलीस तेव्हा तिची पोरगी बारा दिवसांची होती. बारसं राहिलं. सारिकाला सासू नाही, नवरा रोजंदारीला पिरंगुटला. म्हणून तिच्या शेकशेगडीला मी तुझ्या घरी राहतेय, तुझ्या पत्र्यांखाली. उन्हाचे चांगलेच तापतात. पोरगी अडीच किलोची आहे. मी कुणाला पाच सांगितलेलं नाही.

सारिका हॉस्टेलच्या मेसमध्ये भांड्यांना आहे, ते तुला ठाऊकच. तिलाही रजा नाही. आणि बदलीची रीत आता मेली. गेटवर यंत्र बसवलंय, त्याच्यासमोर तोंड धरायचं, त्याला ओळख पटली की दार उघडतं. त्याला जुळी बहीण सांगून चालत नाही. मी मेसच्या मुकादमाला जाऊन सांगितलं, सारिकाला कावीळ झालीय, अशी जोराची की बघणाऱ्याचेही डोळे पिवळे होतात. तो हसला आणि म्हणाला, "आणखी आठ दिवस. मग दुसरी घेतो." आठवा दिवस काल संपला.

आज सकाळी मी पाणी तापवून आत आले तर सारिका वेणी घालून उभी. पोटाला लुगडं आवळून बांधलेलं. पोरगी दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मावशे, दुपारी वाटीनं दूध पाज. मी चार वाजंस्तोवर येते."

"पंचवीस दिवस झालेत पोरी. कुटं निघालीस?"

"काम गेलं तर पावडरीचा डबा कोण आणंल? माजं दूध पुरतंय का तिला? तूच बघतीस की रोज."

मी बघते. रोज मांडी चिमटीत धरून बघते. तिच्या म्हणण्यात खोट काढायला मला एक जागा सापडली नाही. मी थांबवलं तर काम जाणार, ते माझ्या नावावर जाणार. मी सोडलं तर भरल्या पातेल्यांनी तिचं काय होईल ते मी पडद्याआडून ऐकून बसलेय. तिला ते सांगावं, तर तू बावीस वर्षं पोटच्या पोरीला सांगितलं नाहीस, मी कोण सांगणार? मग जे सुचलं ते बोलले.

"तुझी आई जाताना मला बोलून गेलीय. तुला अडीच म्हैने उठू द्यायचं न्हाई म्हणून."

तू असलं काही बोलली नव्हतीस. शेवटच्या दिवशी तू फक्त चहात साखर कमी आहे म्हणालीस.

सारिकानं माझ्याकडं बघितलं. तुझी लेक आहे, डोळे तुझेच. "आई असं लांबलचक बोलायची न्हाई," ती म्हणाली.

"मग कसं बोलायची?"

तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.

"'गप पड' म्हणली असती."

"तेच म्हणाली," मी म्हणाले.

रिक्षा गेली. सारिकानं लुगड्याची गाठ सोडली, पोरगी माझ्या हातातून ओढून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. आता दुपार झालीय. मी ताट ठेवलं ते तिनं बघितलंही नाही. पडून मात्र आहे.